पोटॅशियम वाढलंय: कोणत्या डॉक्टरकडे, किती घाईने, काय घेऊन

रिपोर्ट हातात येतो, हिमोग्लोबिन ठीक असतं, साखरही बरी असते, आणि खाली कुठेतरी पोटॅशियमच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण छापलेला असतो. बीपी किंवा शुगर वाढली की घरातला प्रत्येक जण सल्ला देतो. पोटॅशियम म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आईच्या रिपोर्टवर ५.९ आला तेव्हा आमच्याकडेही तेच झालं. पहिला अख्खा दिवस आम्ही 'स्पेशालिस्ट कुठला चांगला' याची चौकशी करण्यात घालवला. आज कुणी विचारलं तर मी सांगतो की डॉक्टर कोणता हा प्रश्न नंतरचा, आधी किती घाईने जायचं ते ठरवा.

मी डॉक्टर नाही. आईबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून, विचारून विचारून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय.

पायरी १: आकडा बघा, घाई ठरवा

मोठ्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५.० मिलिमोल प्रति लिटर असतं. काही लॅब वरची मर्यादा थोडी पुढे धरतात, म्हणून आपल्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा बघा. एकक मिलिइक्विव्हॅलंट असं लिहिलेलं असेल तरी गोंधळू नका, पोटॅशियमच्या बाबतीत दोन्हींचा आकडा एकच येतो. त्यापुढे ५.५ ते ५.९ सौम्य, ६.० ते ६.४ मध्यम आणि ६.५ पासून वर गंभीर, अशी ढोबळ वाटणी बरेच डॉक्टर वापरतात.

आकडा ६.५ किंवा जास्त असेल तर डॉक्टर शोधत बसू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. ईसीजी, रात्रीही चालू असणारी लॅब आणि शक्यतो डायलिसिस, या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली आहेत ना, एवढंच फोन करून विचारा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आकडा याहून कमी असला तरी पायांत ताकद नसल्यासारखं वाटणं, छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखे वाटणं, चक्कर, छातीत दुखणं, धाप किंवा लघवी अचानक खूप कमी होणं, यातलं काही असेल तर तीच वाट धरा. डायलिसिसवरच्या माणसाचं एखादं सेशन चुकलं असेल आणि त्याला गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर रिपोर्टची वाट बघायचंही कारण नाही.

६.० ते ६.४ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं आणि ईसीजी काढणं आलंच. ५.५ ते ५.९ असेल, तब्येत नेहमीसारखी असेल, तर त्याच दिवशी फोन करून कळवा आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासणी करा. हा झाला साधारण नियम. आकडा किती दिवसांत चढला तेही महत्त्वाचं असतं. जुन्या किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम महिनोन् महिने ५.६ च्या आसपास असेल, तर त्याच्या डॉक्टरांना ते माहीत असतं. तोच आकडा कालपरवापर्यंत ४.२ असलेल्या माणसाचा आला, तर प्रकरण वेगळं.

यातली फसवी गोष्ट अशी की पुष्कळदा काहीच त्रास होत नाही. आई त्या दिवशी नेहमीसारखी स्वयंपाकघरात उभी होती. शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात खेळणारा वाटा अगदी थोडा. आत-बाहेरच्या या फरकावरच स्नायूंची आणि हृदयाची वीज चालते. बाहेरचा वाटा थोडा वाढला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो, आणि तो बिघडेपर्यंत माणूस चालता-बोलता असू शकतो. म्हणून 'मला तर काहीच होत नाही' हे कारण इथे चालत नाही.

पायरी २: आकडा खरा आहे ना, हे डॉक्टरांकडून पडताळून घ्या

रक्त काढताना दंडाला पट्टा आवळतात आणि सांगतात, 'मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा.' शीर वर येते हे खरं, पण काम करणाऱ्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि नमुन्यातला आकडा फुगतो. पट्टा फार वेळ बांधून ठेवला, बारीक सुईतून जोरात रक्त ओढलं किंवा ट्यूब जोरात हलवली तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं. अशा रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'नमुना हिमोलाइज्ड' असं लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा. नमुना लॅबला पोचायला कित्येक तास लागले किंवा त्यातल्या पेशी वेगळ्या न करता तो फ्रीजमध्ये राहिला तरी आकडा खोटा चढतो. रक्तातल्या प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी फारच वाढलेल्या असतील तर तसंच.

आणखी एक गंमत. रक्तातल्या पेशी मोजण्यासाठी जी ट्यूब वापरतात तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं, आणि बहुधा ते पोटॅशियमच्याच क्षाराच्या रूपात असतं. त्या ट्यूबमधला थेंब चुकून दुसरीत गेला तर पोटॅशियम भलतंच वर आणि त्याच वेळी कॅल्शियम भलतंच खाली दिसतं. अशी जोडी दिसली की अनुभवी डॉक्टर लगेच ओळखतात.

आता हे वाचून 'आपलाही खोटाच असणार' असं मनाशी ठरवू नका. आमच्याकडे मी तेच केलं होतं. दुसऱ्या वेळी मूठ न आवळता, पट्टा लगेच सोडून, लॅबमध्येच बसून रक्त दिलं, आणि आकडा आला ५.८. म्हणजे खराच होता. आकडा खरा की खोटा हे पुन्हा केलेली तपासणी आणि ईसीजी ठरवतात. ईसीजीत टी नावाची लाट टोकदार आणि उंच होते, पुढे क्यूआरएस नावाचा मधला टोकदार भाग रुंदावतो. मात्र ईसीजी नॉर्मल आला म्हणून धोका नाही असंही नाही, पोटॅशियम बरंच वाढलेलं असताना तो साधा दिसू शकतो. आकडा मोठा असताना 'आठवड्याने परत करून बघू' म्हणणारा डॉक्टर मला पटत नाही. परत करायचं तर आजच, आणि सोबत ईसीजी.

पायरी ३: कोणाकडे जायचं

तातडीचं काही नसेल तर सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून किंवा एखाद्या फिजिशियनपासून करा. थेट सुपरस्पेशालिस्टकडे धावायचा मोह सगळ्यांना होतो, पण तिथली अपॉइंटमेंट दहा दिवसांनंतरची मिळते आणि मधले दहा दिवस कुणाच्याच हातात नसतात. पोटॅशियम वाढण्याचं कारण बऱ्याचदा औषधांत सापडतं, आणि कोणती औषधं का चालू आहेत हे नेहमीच्या डॉक्टरांना जास्त ठाऊक असतं.

किडनीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडे, जायची वेळ कधी येते? शरीरात आलेलं पोटॅशियम बाहेर टाकण्याचं साधारण ९० टक्के काम किडनी करते. म्हणून क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं असेल, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) ६० च्या खाली असून सतत घसरत असेल, ३० च्याही खाली गेला असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, किंवा कारण सापडत नसताना पोटॅशियम पुन्हा पुन्हा वर येत असेल, तर चिठ्ठी मागून घ्या. जुना मधुमेह असेल तर आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. किडनी फार बिघडलेली नसतानाही पोटॅशियम बाहेर टाकण्याची आज्ञा देणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन कमी पडतं. क्रिएटिनिन फारसं वाईट नाही, तरी पोटॅशियम चढलेलं आणि रक्तातली आम्लता आवरणारं बायकार्बोनेट उतरलेलं, असं चित्र दिसतं. हे नेमकं पकडायला नेफ्रॉलॉजिस्टच बरे.

हृदय कमकुवत असल्याने औषधं चालू असतील तर कार्डिऑलॉजिस्टना यात घ्यावंच लागतं, कारण त्यांची बरीच गुणकारी औषधं पोटॅशियम वाढवतात. वजन उतरतंय, बीपी कमी राहतंय, सोडियम कमी आहे आणि त्वचा काळवंडतेय, अशा तक्रारी पोटॅशियमबरोबर असतील तर किडनीच्या वर असणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीचा विचार करावा लागतो, तिथे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर हवेत. आणि वयस्कर पुरुषाला लघवी अडत असेल तर प्रॉस्टेटमुळे तुंबलेली लघवी हेही कारण असू शकतं. मग नळी घालून वाट मोकळी करणं हाच उपचार, तो युरॉलॉजिस्टचा प्रांत.

कितीही डॉक्टर असोत, पोटॅशियमचा ताबा एकाकडे असायला हवा. 'हा आकडा बघायचं काम तुमचं की त्यांचं?' असं मी स्पष्ट विचारायला लागलो. विचारायला अवघड वाटतं, पण डॉक्टर रागावत नाहीत. आमच्याकडे फिजिशियन म्हणाले, 'माझं,' आणि निम्मा घोळ तिथेच मिटला.

पायरी ४: सगळी औषधं पिशवीत भरा आणि पिशवीच न्या

औषधांची यादी करून नेऊ नका. यादीत माणूस फक्त त्याला औषध वाटतं तेवढंच लिहितो.

आमच्या डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उलटी केली. पट्ट्या एकेक करून बाजूला लावल्या. टेल्मिसार्टन, बीपीसाठी. स्पायरोनोलॅक्टोन, पायावरच्या सुजेसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, ती तर आई स्वतःच्या मनाने घ्यायची. आणि तळाशी मिठाचं पाकीट, 'कमी सोडियम' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. डॉक्टरांनी पाकीट फिरवून मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली: पोटॅशियम क्लोराइड. बीपीची काळजी म्हणून मीच ते आणलं होतं. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर केलं होतं, पण चारही वस्तू एका टेबलावर कुणी मांडल्या नव्हत्या.

पिशवीत मुद्दाम शोधायच्या गोष्टी या: नावाच्या शेवटी 'प्रिल' असणाऱ्या बीपीच्या गोळ्या, जसं रॅमिप्रिल, एनालाप्रिल, शेवटी 'सार्टन' असणाऱ्या, जसं लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिलेलं ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक, अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन. हॉस्पिटलात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं झाली असतील तर तेही सांगा. पोटॅशियमचं सिरप किंवा गोळ्या पूर्वी कधी सुरू केल्या आणि बंद करायच्या राहून गेल्या, असंही सर्रास होतं. ताकदीच्या पावडरी आणि ज्यांत काय आहे ते लिहिलेलंच नाही अशी चूर्णंही पिशवीत टाका, लाजू नका.

औषधांचा हा गुंता एकट्या आमच्या घरचा नाही. १९९९ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की हृदय फारच कमकुवत झालेल्या पेशंटमध्ये स्पायरोनोलॅक्टोनने जीव वाचतात. औषधाचा वापर झपाट्याने वाढला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 'प्रिल' गटाच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर हृदयरुग्णांत पोटॅशियम वाढून हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ वर गेल्याचं २००४ मध्ये छापून आलं. औषध चांगलंच होतं, रक्त तपासण्याची शिस्त त्याच्याबरोबर आली नाही.

म्हणूनच एक गोष्ट बजावून सांगतो. यादी वाचून स्वतःच्या मनाने बीपीची किंवा हृदयाची गोळी बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा, ते एखादी तात्पुरती थांबवतील. वेदनाशामक आणि ते मीठ मात्र त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत बाजूला ठेवलंत तर बिघडणार नाही.

पायरी ५: पहिल्या भेटीत डॉक्टरांची परीक्षा

तुम्ही डॉक्टर निवडताय, तेव्हा थोडं तुम्हीही बघा. पिशवी न बघता, क्रिएटिनिन न विचारता, नुसता आहाराचा कागद हातात दिला तर दुसरं मत घ्या. सगळ्या गोळ्या एका फटक्यात कायमच्या बंद केल्या आणि त्याबदल्यात काय ते सांगितलं नाही, तरीही घ्या. 'प्रिल' आणि 'सार्टन' गटाची औषधं बऱ्याच पेशंटमध्ये किडनी आणि हृदय सांभाळत असतात. ती कायमची गेली तर पोटॅशियम उतरतं आणि नुकसान दुसरीकडे होतं. डोस कमी करणं, लघवी वाढवणारी गोळी जोडणं, रक्तातली आम्लता वाढलेली असेल तर सोडा बायकार्ब देणं, किंवा आतड्यातच पोटॅशियम धरून ठेवणारी पावडर देणं, असे मधले मार्ग असतात. अशा पावडरींपैकी सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट १९५८ पासून वापरात आहे. पॅटिरोमरला अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली, सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेटला २०१८ मध्ये. अशी पावडर लिहून दिली तर बाकीच्या गोळ्या तिच्यापासून किती तास लांब घ्यायच्या हे तिथेच विचारून घ्या, पॅटिरोमरच्या बाबतीत ते अंतर ३ तासांचं असतं.

निघताना चार गोष्टी विचारा. माझं पोटॅशियम कशामुळे वाढलं असं तुम्हाला वाटतं? कोणती गोळी आजपासून बदलली? पुन्हा रक्त कधी? आणि कोणत्या आकड्याला मी तुमची वाट न बघता हॉस्पिटलात जायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. आमच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या कोपऱ्यात '६.०' लिहून त्याला गोल केला होता.

पायरी ६: भरती करावं लागलं तर

इथे नातेवाईक घाबरतात ते न समजल्यामुळे. आधी शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम मुळीच उतरत नाही, ते हृदयाला काही मिनिटांत सावरतं आणि साधारण अर्धा ते एक तास टिकतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. 'यांना शुगर नाही, इन्सुलिन का टोचताय?' असं आमच्या शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा मुलगा नर्सवर ओरडत होता. इन्सुलिन इथे पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलण्यासाठी असतं. दम्याच्या पेशंटला देतात तसं साल्ब्युटामोलचं नेब्युलायझेशनही त्याचसाठी. हा परिणाम काही तासांचा असतो, आणि पोटॅशियम शरीरातच असतं, फक्त लपलेलं. ते खरोखर बाहेर जातं लघवीतून, पावडरीने शौचावाटे किंवा डायलिसिसने. म्हणून दोन तासांनी आकडा ५.२ दिसला की 'आता सोडा' असा आग्रह धरू नका, तो पुन्हा वर येऊ शकतो. इन्सुलिननंतर पुढचे सहा तास साखर उतरण्याचीही भीती असते, म्हणून बोट टोचून टोचून तपासतात, टोचू द्या.

पायरी ७: आहार

यावर भरपूर लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. केळी, बटाटा, टोमॅटो, सुकामेवा, फळांचे रस यांत पोटॅशियम बरंच असतं. बटाट्यासारख्या भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर त्यातलं बरंच कमी होतं. पण एकीकडे मधुमेहाचं पथ्य, दुसरीकडे किडनीचं, आणि वर पोटॅशियमचं, अशी तिन्ही एकदम पाळायला गेलं की ताटात काही उरतच नाही. आईचं वजन दोन महिन्यांत चार किलोने उतरलं तेव्हा मी किडनीच्या पेशंटचा अनुभव असलेल्या आहारतज्ज्ञाकडे गेलो. ते आधीच करायला हवं होतं. त्यांचा पहिला प्रश्न होता, पोट रोज साफ होतं का? किडनी थकली की आतडं पोटॅशियम बाहेर टाकायचं जास्त काम उचलतं, आणि बद्धकोष्ठता असेल तर तेही अडतं. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पायरी ८: पुढचे महिने

'प्रिल', 'सार्टन' किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं, किंवा डोस वाढला, की एक ते दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासतात. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या. उलट्या, जुलाब किंवा ताप येऊन खाणं-पिणं थांबलं तर गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी फोनवर विचारा, कारण शरीर कोरडं पडलं की किडनी एकदम मंदावते आणि पोटॅशियम दोन दिवसांत चढतं.

एक साधी वही करा. तारीख, पोटॅशियम, क्रिएटिनिन, त्या दिवशी चालू असलेल्या गोळ्यांचे डोस, बस. सहा ओळी झाल्या की नव्या डॉक्टरला तुमची गोष्ट सांगावी लागत नाही, ते वही बघून सांगतात. पाकिटात ठेवायला एक छोटी चिठ्ठीही लिहा. आईच्या पर्समध्ये असते तिच्यावर एवढंच आहे: मधुमेह, बीपी, किडनी थोडी कमकुवत. नेहमीचं पोटॅशियम ४.९ ते ५.२. वेदनाशामक देऊ नका. पोटॅशियम असलेलं सलाईन लावण्याआधी रक्त तपासा. खाली फिजिशियनचा नंबर, आणि त्याखाली माझा.